आधी पोरांना वाचक द्या

‘ज्ञानेश्वरांनी कुठल्या स्पर्धेत भाग घेतला होता?’ किशोरवयीन मुलांच्या लेखनस्पर्धेचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो, आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर वाद मिटवल्याचं समाधान असतं. त्याच्या मागोमाग येणारी वाक्यंही ठरलेली. लेखन म्हणजे काय धावण्याची शर्यत आहे? बक्षिसाच्या आमिषाने कधी कोणी लेखक झालाय? पोरांच्या डोक्यावर आधीच काय कमी ओझं आहे? त्यातून स्पर्धा सौदी अरेबियातली असेल तर बोलायलाच नको. तेलाचा पैसा, राजाची मर्जी आणि जगाला दाखवायला एक चकचकीत ग्रंथालय. तिथे मुलं काय डोंबल लिहिणार!

मला या सगळ्याचा प्रतिवाद करायचा आहे, आणि तोही मुद्दाम सौदीतल्याच उदाहरणावरून. कारण आपल्याकडचा स्पर्धाविरोध ज्या गोष्टीवर बोट ठेवतो ती चुकीची आहे, आणि जी खरी उणीव आहे ती त्याला दिसतच नाही.

आधी उदाहरण. सौदीच्या पूर्व भागात दहरान नावाचं शहर आहे. 1938 च्या मार्चमध्ये तिथल्या ‘दम्माम क्रमांक सात’ या विहिरीला भरपूर तेल लागलं आणि देशाचं नशीब पालटलं. त्या विहिरीच्या परिसरात आज ‘इथ्रा’ ही संस्था उभी आहे. सौदी अरामको या तेल कंपनीने ती बांधली, आराखडा नॉर्वेच्या स्नोहेटा या वास्तुरचनाकारांचा, आणि 2018 पासून ती लोकांसाठी खुली आहे. बाहेरून सुमारे साडेतीनशे किलोमीटर लांबीच्या पोलादी नळ्यांचं वेष्टण, आत नाट्यगृह, संग्रहालय आणि तीन लाखांहून अधिक पुस्तकांचं ग्रंथालय. याच संस्थेने इमारत पुरी होण्याच्या कितीतरी आधी, 2013 साली, विद्यार्थ्यांसाठी ‘आयरीड’ नावाची स्पर्धा सुरू केली. मुलाने एखादं पुस्तक वाचायचं, त्याविषयी आपल्या शब्दांत लिहून पाठवायचं. त्यातून निवडलेल्या मुलांचं शिबिर भरतं, तिथे लेखक भेटतात, व्याख्यानं होतात, वाद रंगतात. शेवटी मोजकी मुलंमुली मंचावर येतात आणि परीक्षकांसमोर, भरल्या सभागृहासमोर आपलं लेखन सादर करतात. त्यातून ‘वर्षाचा वाचक’ निवडला जातो. पुढे ही स्पर्धा सौदीपुरती न राहता इतर अरब देशांतल्या वाचकांसाठीही खुली झाली.

आता आक्षेप घेऊ. पहिला : स्पर्धेने लेखन कृत्रिम होतं. हे म्हणणाऱ्यांना मी दोष देत नाही, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर आपली शालेय निबंध स्पर्धा असते. ती कशी चालते ते एकदा जवळून पाहा. सकाळी फळ्यावर तीन विषय लिहिले जातात : ‘फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त’, ‘मी मुख्यमंत्री झालो तर’, ‘झाडे लावा, झाडे जगवा’. वेळ एक तास, शिक्का मारलेला कागद एक, पुरवणी मागितलीत तर बाई खूश. मुलगा लिहायला बसतो आणि त्याच्या फाटक्या पुस्तकाला पहिल्या परिच्छेदात कण्हण्याचा आवाज येतो, दुसऱ्यात छापखान्यातला जन्म आठवतो, तिसऱ्यात माणसाच्या कृतघ्नपणाबद्दल हुंदका फुटतो, चौथ्यात तो दचकून जागा होतो आणि ते सगळं स्वप्न निघतं. गाईडमध्ये तसंच आहे. शेजारच्या बाकावरच्या मुलीचंही तसंच. अक्षर सुवाच्य, समास सोडलेला, सुभाषित एक. गठ्ठा स्टाफरूममध्ये जातो, पंधरा दिवसांनी तीन नावं फलकावर लागतात आणि प्रजासत्ताक दिनी प्रमाणपत्र मिळतं. पहिल्या आलेल्या मुलाचा निबंध तरी कोणी दुसऱ्याने वाचला का? नाही. तो त्याला परत मिळाला का? नाही. त्यात कोणतं वाक्य चांगलं जमलं होतं, कुठे तो खोटं बोलत होता, हे कोणी त्याला सांगितलं का? तेही नाही.

म्हणजे लेखन कृत्रिम झालं हे खरं, पण स्पर्धा होती म्हणून नाही. ते कोणी वाचणार नव्हतं म्हणून झालं. ज्या कागदाचं भवितव्य रद्दीत आहे हे तेरा वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं, त्या कागदावर तो आपला जीव कशाला ओतेल? तो गाईड ओततो. शहाणपणच आहे ते.

दहरानची रचना नेमकी इथे वेगळी पडते. तिथे विषय फळ्यावर येत नाही, मुलगा पुस्तक निवडतो. त्याने लिहिलेलं परीक्षकाच्या गठ्ठ्यात संपत नाही, मुलाला त्या लेखनासकट लोकांसमोर उभं राहावं लागतं. मंचावर उभं राहून अनोळखी माणसांच्या डोळ्यांत पाहत फाटक्या पुस्तकाचा हुंदका काढून दाखवा बरं! तोंडातून शब्द फुटणार नाही. खोटं वाक्य कागदावर खपतं, मोठ्याने म्हणताना मात्र आपल्याच कानाला टोचतं.

मुलांना वाचायला-लिहायला लावणारे सगळेच उपक्रम इतके शहाणे नसतात, हेही सांगून टाकतो. दुबईच्या राज्यकर्त्यांनी 2015 मध्ये सुरू केलेल्या ‘अरब रीडिंग चॅलेंज’मध्ये विद्यार्थ्याने वर्षात पन्नास पुस्तकं वाचून त्यांचे सारांश लिहायचे असतात. खुद्द इथ्राच्या वाचन-मॅरेथॉनमध्ये दर शंभर पानांमागे एक झाड लावलं जातं. हेतू चांगले आहेत, पण पानं मोजायला लागलं की मूल पातळ पुस्तकं शोधतं. मोजणीची हौस ही आपल्याकडच्या गुणांच्या हौसेची सख्खी बहीण. म्हणून ‘सौदीवाले करतात ते सगळं छान’ असं माझं म्हणणं नाही. एका पुस्तकासमोर एक मूल आणि त्या मुलासमोर ऐकणारी माणसं, एवढीच रचना मला उचलण्याजोगी वाटते.

दुसरा आक्षेप : स्पर्धेतून कलावंत घडत नाहीत. हे वाक्य पुण्यात उभं राहून म्हणायला धाडस लागतं. 1963 पासून महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था महाविद्यालयांसाठी पुरुषोत्तम करंडक भरवते आहे. एकांकिकांची स्पर्धाच आहे ती, निखळ स्पर्धा. भरत नाट्य मंदिरात ‘अरे, आव्वाज कुणाचा’ची आरोळी उठते, प्रतिस्पर्धी महाविद्यालयाची पोरं समोर बसून तुमचा प्रयोग डोळ्यांत तेल घालून बघतात, आणि हशा चुकीच्या जागी आला तर लेखकाला तिथल्या तिथे कळतं की वाक्य फसलं. जब्बार पटेल, मोहन आगाशे, सतीश आळेकर ही बी. जे. मेडिकलची मंडळी याच वातावरणातून वर आली. करंडकाची मूर्ती पाहून ते नाटकवाले झाले असं कोणी म्हणणार नाही. पण ऐन विशीच्या आसपास त्यांना जो निर्दय आणि रसिक प्रेक्षक मिळाला, तो त्या स्पर्धेनेच मिळवून दिला. 2022 मध्ये परीक्षकांनी एकही संघ करंडकाच्या योग्यतेचा नाही म्हणून तो कोणालाच दिला नाही. केवढा गदारोळ झाला! मुलांचं खच्चीकरण झालं म्हणणारे एकीकडे, दर्जा राखला म्हणणारे दुसरीकडे. निर्णय बरोबर की चूक यावर भांडण होऊ शकतं. पण विशीतल्या पोरांच्या नाटकाच्या दर्जावर मोठी माणसं आठवडाभर भांडली, हा त्या पोरांचा केवढा सन्मान! आठवीतल्या मुलीच्या कथेवर महाराष्ट्रात कधी कोणी असं भांडलंय?

नाटकवाल्यांना आपण प्रेक्षक दिला. लिहिणाऱ्या पोरांना मात्र आपण प्रमाणपत्र देतो, आणि मग त्यांच्यातून लेखक निघाला नाही की खापर स्पर्धेवर फोडतो.

आता ज्ञानेश्वरांकडे येऊ, कारण तो आक्षेप घेणाऱ्याने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला आहे. शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली तेव्हा ज्ञानेश्वरांचं वय परंपरेनुसार पंधरा-सोळा. आजच्या भाषेत दहावीतला मुलगा. तो एकटा खोलीत कडी लावून बसला होता का? समोर गुरू आणि थोरले बंधू निवृत्तिनाथ. लिहून घ्यायला सच्चिदानंदबाबा. आणि भोवती श्रोते, ज्यांच्याशी तो ग्रंथभर बोलतो, ज्यांची विनवणी करतो, ज्यांच्याकडे लडिवाळपणे लक्ष मागतो. ज्ञानेश्वरी वाचलेल्या कोणालाही माहीत आहे की श्रोत्यांवाचून तो ग्रंथ उभाच राहत नाही. ज्ञानेश्वर स्पर्धेत उतरले नव्हते, कबूल. पण स्पर्धा मुलाला जे देऊ शकते ते त्यांना स्पर्धेवाचूनच मिळालं होतं : कान देऊन ऐकणारी मोठी माणसं. आपल्या पोरांना ती आपसूक मिळत नाहीत, म्हणून तर हा सगळा खटाटोप.

दुसरं नाव हवं असेल तर त्र्यंबक बापूजी ठोमरे घ्या. 1907 मध्ये जळगावला कविसंमेलन भरलं. या सोळा-सतरा वर्षांच्या खानदेशी मुलाने तिथे कविता म्हटली आणि अध्यक्ष कर्नल कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ म्हणून गौरवलं. आज त्याचं मूळ नाव परीक्षेला विचारावं लागतं, इतकं ते बक्षीस त्याला चिकटलं. बक्षिसाने प्रतिभा आली असं नाही. पण त्या सभेत त्याला कविता म्हणू दिली गेली, मोठ्यांनी ती ऐकली, ही गोष्ट किरकोळ नाही. ‘पोरगं आहे, आधी चार पावसाळे पाहू दे’ असं म्हणणारे तेव्हाही असतीलच.

यापुढचा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे आणि तो टाळून पुढे गेलो तर हा लेख लबाडीचा ठरेल. सौदी अरेबियात लिहिणाऱ्याची काय गत होते? अब्दुल रहमान मुनीफ या कादंबरीकाराचं सौदी नागरिकत्व 1963 मध्ये काढून घेतलं गेलं. तेलाने वाळवंटातल्या माणसांचं काय केलं हे सांगणारी त्यांची ‘मिठाची शहरं’ ही पाच खंडांची कादंबरी 1984 पासून प्रसिद्ध होऊ लागली आणि सौदीत तिच्यावर बंदी आली. ज्या तेलाच्या पैशावर दहरानचं ग्रंथालय उभं आहे, त्याच तेलाची ही कथा. अश्रफ फय्याद या कवीला धर्मत्यागाच्या आरोपाखाली 2015 मध्ये मृत्युदंड ठोठावला गेला. जगभर ओरड झाल्यावर 2016 मध्ये ती शिक्षा आठ वर्षं कैद आणि आठशे फटक्यांवर आली. आरोपात त्याच्या कवितांचा आधार होता. अशा देशात मुलांच्या लेखनाचा उत्सव म्हणजे ढोंग नव्हे का?

राज्यसत्तेबद्दल विचाराल तर मी हा आक्षेप पूर्ण मान्य करतो. कवीला फटके मारणाऱ्या राजवटीला ग्रंथालयाच्या पोलादी झळाळीने माफी मिळत नाही, मिळूही नये. पण आक्षेप घेणारा इथून एक उडी मारतो आणि ती मला मान्य नाही. राजवट वाईट, म्हणून तिथल्या पंधरा वर्षांच्या मुलीने वाचून लिहिणं फोल. हे कसं? उलट आहे. जिथे बोलण्याला भिंती आहेत तिथेच, परक्या माणसांसमोर उभं राहून ‘मला या पुस्तकाबद्दल असं वाटलं आणि का वाटलं ते सांगते’ असं म्हणण्याचा सराव जास्त मोलाचा. स्वतःचं मत कारणांसकट मांडायला शिकलेलं मूल पुढे काय मांडेल याचा हिशेब आयोजकांच्या हातात राहत नाही. बंदीही चिरंतन नसते. गाझी अल्-गुसैबी हे सौदीचे मंत्री आणि कवी. मंत्रिपदावर बसलेल्या या माणसाची पुस्तकं त्याच्याच देशात निषिद्ध होती, आणि 2010 मध्ये, त्यांच्या मृत्यूच्या तोंडावर, ती बंदी उठली. त्याच वर्षी अब्दो खाल, पुढच्या वर्षी रजा आलेम आणि 2017 मध्ये मोहम्मद हसन अलवान या सौदी कादंबरीकारांना अरबी कादंबरीचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला, रजा आलेम यांना विभागून. हा समाज मुका नाही. त्याला मुका समजणं ही आपली आळशी समजूत.

आणि बोट दाखवताना आपला हात स्वच्छ आहे ना, एवढं तरी पाहावं. डिसेंबर 2022 मध्ये महाराष्ट्र शासनाने ‘फ्रॅक्चर्ड फ्रीडम’ या पुस्तकाच्या मराठी अनुवादासाठी अनघा लेले यांना जाहीर केलेला पुरस्कार काही दिवसांतच रद्द केला आणि निवड समितीही बरखास्त केली. फटके कोणाला बसले नाहीत, हा फरक मोठा आहे आणि तो मी पुसत नाही. पण ‘तिकडे सेन्सॉर, इकडे मोकळीक’ असं छाती फुगवून म्हणायची सोय आपल्याला राहिलेली नाही. मुलांच्या बाबतीत तर आपल्याला सेन्सॉर लागतच नाही. स्वच्छता, व्यसनमुक्ती, पाणी वाचवा, थोर पुरुषाचं चरित्र : विषयच असे निवडायचे की मुलाला स्वतःचं मत असण्याची वेळच येऊ नये. आईबाप का भांडतात, शाळेत कोणाला वेगळं बसवतात, गावात पाणी आधी कोणाच्या नळाला येतं, यावर लिहा म्हणणारी निबंध स्पर्धा मला दाखवा.

राहता राहिले दोन व्यवहारी आक्षेप. एक म्हणजे, आता मुलं लिहीत नाहीत, यंत्र लिहून देतं. चॅटजीपीटीच्या आधी ते काम आई करत होती, मोठी ताई करत होती, गाईड करत होतं. घरून लिहून आणलेल्या कागदावर निकाल लावणारी स्पर्धा तेव्हाही फसवी होती, आता ती उघडी पडली इतकंच. लिहिणाऱ्याला समोर बसवून ‘हे पात्र शेवटी घर का सोडतं रे?’ असं विचारलं की दोन मिनिटांत कळतं मजकूर कोणाचा आहे. म्हणजे इथेही उपाय तोच निघतो : वाचणारा माणूस.

दुसरा आक्षेप पैशाचा. अरामकोची तिजोरी आपल्याकडे कुठून येणार? यायची गरजच नाही. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1967 चा आहे आणि राज्यात दहा हजारांहून अधिक अनुदानित ग्रंथालयं आहेत. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चं. दहरानला तेल लागण्याच्या कितीतरी आधीची ही घरं आहेत. अनुदान तुटपुंजं, सेवकांचे पगार लाजिरवाणे, हे खरं. पण वीस मुलांचे वीस कागद वाचून प्रत्येकावर सहा ओळींचा अभिप्राय लिहायला तीन वाचणारी माणसं आणि चार शनिवार लागतात. ती माणसं प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांना कोणी बोलावत नाही. बोलावतो ते 15 ऑक्टोबरला. त्या दिवशी वाचन प्रेरणा दिन असतो, मुलं पुस्तकं उघडून रांगेत बसतात, फोटो निघतो आणि पुस्तकं मोजून कपाटात परत जातात.

हे काम शाळेने नाही, ग्रंथालयाने करावं असं मी का म्हणतो? शाळेत लिहिलेलं प्रत्येक वाक्य गुणांच्या तराजूत पडतं. ज्या बाई अभिप्राय देणार त्याच सहामाहीचे गुणही देणार. ग्रंथालयात मुलाचा हुद्दा एकच : वर्गणीदार. तिथे ढ आणि हुशार अशी हजेरी नसते.

आणि ही निकड महाराष्ट्रात आहे तेवढीच सौदीतल्या मराठी घरांत आहे. रत्नागिरी-रायगडच्या कोकणी मुसलमान कुटुंबांचा आखाताशी संबंध काही पिढ्यांचा. शिवाय दम्माम, जुबैल, रियाध, जेद्दा इथे नोकरीनिमित्त राहणारी इतर मराठी कुटुंबंही आहेत. इकामा (राहण्याचा परवाना), कफील (जामीन राहणारा मालक), एक्झिट-रीएंट्री (देशाबाहेर जाऊन परतण्याची परवानगी) हे शब्द तिथल्या मुलांना ‘आजोळ’ या शब्दाइतकेच घरचे. जुलै 2017 पासून सौदी सरकारने परदेशी कामगारांच्या कुटुंबीयांवर माणशी दरमहा शंभर रियाल शुल्क लावलं आणि दरवर्षी वाढवत 2020 मध्ये ते चारशेवर नेलं. बायको आणि दोन मुलं असलेल्या माणसाला महिन्याला बाराशे रियाल. अनेकांनी बायकापोरांना गावी धाडलं आणि स्वतः खोलीवर राहायला गेले. सातवी-आठवीतून उचलून चिपळूण किंवा म्हसळ्याच्या शाळेत बसवलेल्या त्या मुलाकडे सांगण्यासारखं किती असेल! वडील आता मोबाइलच्या पडद्यावर भेटतात, वर्गात त्याच्या बोलण्याला हसतात, मराठीच्या पेपरात मात्र त्याला ‘नदीचे आत्मवृत्त’ लिहायचं असतं. त्याची कोकणी बोली, त्याची धेडगुजरी मराठी ‘शुद्धलेखनाच्या चुका’ म्हणून लाल शाईत जाते. असा एक कागद जरी कोणी नीट वाचला, तरी मराठीला गेल्या दहा वर्षांतल्या आखाताची एक खरी हकिगत मिळेल.

म्हणून स्पर्धा बंद करा म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे की बंद करायचं तर बिनवाचकाची स्पर्धा बंद करा. विषय लादणं थांबवा. पुस्तक मुलाला निवडू द्या, आणि कथा, कविता, पत्र, टीका यांतलं काय लिहायचं तेही. आलेल्या प्रत्येक कागदावर सही करून अभिप्राय द्या, आणि तो वाचून मुलाने दुसरा खर्डा आणला तर निकाल त्या खर्ड्यावर लावा. मग त्यांना लोकांसमोर वाचू द्या, आणि पहिल्या रांगेत आईबापांना बसवू नका. तिथे गावातले दुकानदार, निवृत्त तलाठी, कॉलेजची पोरं बसवा. त्यांना प्रश्न विचारू द्या. कोणीच योग्यतेचं नसेल तर पहिलं बक्षीस राखून ठेवा, पण का राखलं ते मुलांना तोंडावर सांगा. दम्मामच्या एखाद्या मराठी घराच्या दिवाणखान्यात दहा मुलं आणि पाच मोठी माणसं जमवूनही हे होतं, त्याला पोलादी इमारत लागत नाही.

एवढं करून पाच वर्षांत एकही लेखक निघाला नाही तरी माझी तक्रार नसेल. आपलं म्हणणं लिहून, ते परक्यांसमोर वाचून, त्यावरचा प्रश्न न चिडता ऐकून घेणारी शंभर मुलं निघतील. आज जाहीर वाद घालणाऱ्या किती मोठ्या माणसांना एवढं जमतं?